पनामा हॅट पनामाची नाही

पनामा हॅट, म्हणजे ती हलकी, काठाची विणलेली टोपी, पनामात विणतात असं पुष्कळांना वाटतं. ती मूळची इक्वाडोरची. पनामामार्गे विकली गेली आणि तेच नाव चिकटलं. तोकिया नावाच्या झाडाची न उमललेली पानं चिरून, उकळून, वाळवून तंतू काढतात. विणायला टोपीच्या माथ्यापासून सुरुवात. एका टोपीला एक दिवस ते आठ महिने! २०१२मध्ये युनेस्कोने ही कला वारशाच्या यादीत घेतली.

कोरड्या हवेत तंतू ठिसूळ होतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये माझ्या टोपीला माथ्यावर चिमटीत धरतो तिथे चीर गेली, म्हणून कडेला धरूनच उचला.

मुळशीत भातलावणीच्या वेळी बांबू-पळसाची इरली, म्हणजे पावसात डोक्या-पाठीवर घ्यायची विणलेली आच्छादनं, मी लहानपणी पाहिलीत. ती कुणाला विणता येत असतील तर लिहा, मला मनापासून शिकायचीय.