एकट्याने केलेला पहिला परदेश दौरा : तयारी नेमकी कुठे अपुरी पडली?

कंपनीच्या कामासाठी पुढील महिन्यात मला प्रथमच एकटीला जर्मनीतील श्टुटगार्टला जावे लागणार आहे. यापूर्वी दोनदा वरिष्ठांबरोबर परदेशी गेले होते. परंतु मागितल्यावर पासपोर्ट पुढे करणे आणि त्यांच्या मागून चालणे याखेरीज तेव्हा माझ्याकडे काही काम नव्हते, हे आता तयारीला बसल्यावर लक्षात येते आहे. सोबत काय न्यावे याच्या याद्या पुष्कळ मिळतात. मला हवे आहेत ते अडलेल्या जागांचे अनुभव. सगळी तयारी झाली असे वाटत असताना कुठे अडले, आणि विचारायला शेजारी कोणी नसताना आपण काय केले, एवढे कृपया लिहावे.

चाकण, वाहनांचे सुटे भाग, गुणवत्ता विभाग

माझाही पहिला दौरा श्टुटगार्टचाच होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, यजमान कंपनीचे आमंत्रणपत्र, आमच्या कंपनीचे पत्र, हॉटेलचे आरक्षण अशी सर्व कागदपत्रे मी मन लावून जमवली आणि व्हिसा हाती पडताच ती फाइल कपाटात ठेवून दिली. फ्रँकफर्टला विमानातून उतरल्यावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने कोणाला भेटणार, किती दिवस राहणार आणि परतीचे तिकीट कुठे आहे, असे विचारले, तेव्हा सारे काही ईमेलमध्ये होते आणि फोनला नेटवर्क नव्हते. व्हिसा असला तरी प्रवेश द्यायचा की नाही हे सीमेवरचा अधिकारीच ठरवतो, ही गोष्ट मला मुंबईत कोणी सांगितली असती तरी मी हसण्यावारी नेली असती. बाजूला उभे राहून विमानतळाचे वायफाय जोडेपर्यंत बराच वेळ गेला.

त्या वेळाची किंमत पुढे मोजावी लागली. या विमानतळाला दोन रेल्वे स्थानके आहेत, एक स्थानिक गाड्यांचे आणि एक लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. मी घाईत पहिल्यावर उतरलो. योग्य स्थानकावर पोहोचलो तोवर श्टुटगार्टची गाडी निघून गेली होती. जर्मन रेल्वेचे सवलतीचे तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते, त्यामुळे मला नवे तिकीट घ्यावे लागले. कार्यालयाने ती रक्कम दिली नाही, आणि खरे सांगायचे तर मी ती मागितलीही नाही. शिवाय दिवस रविवारचा होता. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, मोठ्या स्थानकांतील काही दुकाने तेवढी उघडी असतात, हे ठाऊक नसल्याने रात्रीचे जेवण म्हणजे पत्नीने बळेच बॅगेत घातलेले दोन मेथीचे ठेपले.

पिंपळगाव बसवंत, द्राक्ष निर्यात

बर्लिनला फेब्रुवारीत फळांचे मोठे प्रदर्शन भरते, तेथे मी पहिल्यांदा एकटा गेलो. फळांवरील कीटकनाशकांच्या उर्वरित अंशांची तपासणी, कंटेनरचे तापमान, रॉटरडॅमच्या शीतगृहातील दर, या प्रश्नांची उत्तरे मला झोपेतही देता आली असती. अडले ते कार्डापाशी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू असते. परदेशातील व्यवहार आपण स्वतः सुरू करावे लागतात. माझे कार्ड त्याआधी नुकतेच बदलून आले होते. हॉटेलात ते नाकारले गेले, म्हणून बँकेच्या ॲपमधून सुविधा सुरू करायला गेलो, तर ॲपने ओटीपी मागितला. तो येणार भारतातील क्रमांकावर, आणि ते सिम मी विमानातच काढून तेथे युरोपचे सिम घातले होते. काढलेले सिम ज्या कागदात गुंडाळले होते तो कागद मी बोर्डिंग पाससोबत विमानतळावरच्या कचरापेटीत टाकला होता, हे नीट आठवायला मला अर्धा तास लागला.

खिशात ४०० युरो रोख होते म्हणून निभावले. तेव्हापासून भारतीय सिम फोनमधून हलवत नाही, दुसरे सिम ई-सिम घेतो, आणि दोन बँकांची दोन कार्डे दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो. आणखी एक बारीक गोष्ट : यंत्रावर ‘रुपयांत की युरोत’ असे विचारले तर युरो निवडावे. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो खरा, पण त्यात विनिमयाचा दर दुकानदाराच्या बाजूची बँक लावते आणि तो आपल्याला महागात पडतो.

कोल्हापूर, फाउंड्री

ड्युसेलडॉर्फच्या २०२३ मधील फाउंड्री प्रदर्शनात ग्राहकाला दाखवण्यासाठी मी तीन किलोचे एक कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) हातातल्या बॅगेत घेतले होते, कारण चेक-इनची बॅग हरवली तर दौराच वाया जाईल अशी भीती होती. मुंबईत सुरक्षा तपासणीत ते अडवले गेले. असल्या जड लोखंडी वस्तूचा उपयोग मारण्यासाठी होऊ शकतो, हे त्या जवानाचे म्हणणे मला मान्य करावेच लागले. काउंटरवर परत जाऊन ते चेक-इनच्या सामानात टाकले. सुदैवाने वेळ हाताशी होता. नमुन्यांसोबत त्यांचे मूल्य आणि ‘विक्रीसाठी नाही’ असा उल्लेख असलेले प्रोफॉर्मा इन्व्हॉइस ठेवावे. महागडी यंत्रे किंवा उपकरणे दाखवून परत आणायची असतील, तर एटीए कार्ने, म्हणजे वस्तू आयातशुल्क न भरता तात्पुरती परदेशी नेऊन परत आणण्याचे कागदपत्र, काढावे. आपल्याकडे ते फिक्की ही संस्था देते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. प्रदर्शनाच्या काळात गावातली हॉटेले परवडत नाहीत, म्हणून मी जवळच्या वुपर्टाल गावी राहिलो.

डोंबिवली, मसाले आणि फराळाचे पदार्थ

दिवाळीनंतर चारच दिवसांनी दुबईला दोन खरेदीदारांना भेटायचे होते. तेथील मावसभावाने सहज फोनवर विचारले, “ताई, काय काय आणते आहेस?” मी म्हटले, चकली, चिवडा आणि आईच्या हातचे अनारसे. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, “अनारशांना खसखस लावली आहे ना?” संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे. मसाल्याच्या धंद्यात अकरा वर्षे काढूनही मला ही गोष्ट माहीत नव्हती, याची लाज आजही वाटते, कारण माझ्या नमुन्यांच्या डब्यात कांदा-लसूण मसाल्याचे पाकीट होते आणि त्यातही खसखस होती. दोन्ही काढून ठेवले. आई रुसली, खसखशीशिवाय अनारसा म्हणजे गुळाची पुरी, असे तिचे मत आहे.

औषधांबाबतही तेथे काटेकोरपणा असतो. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नयेत. नेहमीच्या गोळ्यांचीही औषधाच्या मूळ (जेनेरिक) नावाने लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी.

भिवंडी, यंत्रमागाचे सुटे भाग

चीनमधील ग्वांगझूचा अनुभव वेगळाच आहे. व्हॉट्सॲप आणि गुगल हॉटेलच्या वायफायवर उघडत नाहीत, हे ऐकून होतो, म्हणून वीचॅट हे तिकडचे संदेशांचे ॲप घेऊन गेलो. अलीपे या पैसे देण्याच्या चिनी ॲपला आपले कार्ड घरूनच जोडून ठेवावे, कारण रस्त्यावरचा फळवालाही क्यूआर कोडच पुढे करतो. चुकलो ते एवढ्यातच की हॉटेलचा पत्ता इंग्रजीत लिहून नेला होता. रात्री अकरा वाजता तीन टॅक्सीचालकांनी तो कागद पाहून माझ्याकडे परत दिला. चौथ्याने हॉटेलात फोन लावला. आता चिनी लिपीतला पत्ता छापून पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवतो.

नागपूर, सॉफ्टवेअर

थोडक्यात लिहिते. माझ्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव आहे, कार्यालयाच्या नोंदीत सासरचे. तिकीट आणि आमंत्रणपत्र कार्यालयाच्या नोंदीवरून निघाले. व्हिसाच्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याच्या लक्षात आले. मी ते पत्र निदान सहा वेळा वाचले होते. प्रत्येक वेळी तारखाच पाहिल्या होत्या.

श्टुटगार्टला निघालेली, पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. नागपूरच्या ताईंचे वाचून लगेच आमंत्रणपत्र उघडले. आडनाव बरोबर आहे, पण पासपोर्ट क्रमांकातील दोन अंक उलटसुलट झाले आहेत. दुरुस्तीसाठी ते आत्ताच परत पाठवले. रविवारी दुपारी पोहोचणारे विमान बदलून शुक्रवारी रात्रीचे घेते आहे. वरिष्ठांनी विचारले, शनिवारचा अख्खा दिवस तेथे काय करणार? मी त्यांना दोन्ही रेल्वे स्थानकांची हकीगत सांगितली. ते थोडे थांबून म्हणाले, “मागच्या वेळी ते तिकीट माझ्या भाच्याने काढून दिले होते.”