मीटिंग रूमचा पैसा आधी कशावर: आवाज की चित्र?

ध्वनिवेडा:
व्हिडिओ कॉलसाठी मीटिंग रूम उभारायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास कॅमेऱ्याचा. फोर-के आहे का? माझ्या मते पैसा आधी माइकवर घालावा. चित्र गोठलं तरी मीटिंग चालते, आवाज तुटला की आटोपली. अमेरिकी टेलिफोन कंपनी एटी अँड टीने पिक्चरफोन, म्हणजे बोलणाऱ्याचं चित्र दाखवणारा फोन, १९६४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात मिरवला, १९७० मध्ये पिट्सबर्गला सेवा सुरू केली, पण गिऱ्हाईक फिरकलं नाही.
आवाजाचं उलट. १९७२ चा जी.७११ कोडेक (आवाज आकड्यांत बदलून पाठवायची पद्धत) टेलिफोनचाच ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा वाहायचा. 'स' आणि 'फ' ओळखू येतात ते बरेचसे या पट्ट्याच्याही वर असलेल्या आवाजामुळे. २०१२ चा ओपस कोडेक ४० केबीपीएसच्या (सेकंदाला ४० हजार बिट्सच्या) आत जवळजवळ पूर्ण श्राव्य पट्टा देतो. म्हणजे आता अडतं ते खोलीत. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. टेबलाच्या टोकाचा माणूस मग विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो.

पडद्यामागे:
पिक्चरफोनचा दाखला चुकीचा. महिन्याला १६० डॉलर भाडं, आणि समोर फोन करायला दुसरा पिक्चरफोनवाला नाही. त्यात चित्राचा काय दोष?
धंद्यासाठीची खरी वाट एच.२६१ या व्हिडिओ आकसून पाठवायच्या मानकाने १९८८ मध्ये मोकळी केली. आयएसडीएनच्या (डिजिटल टेलिफोन लाइनच्या) ६४ केबीपीएसच्या सहा वाहिन्या जोडून ३८४ मध्ये मीटिंग व्हायची. आज ७२०पी, म्हणजे ७२० ओळींचं एचडी चित्र, साधारण दीड एमबीपीएसमध्ये (सेकंदाला १५ लाख बिट्समध्ये) जातं. मीटिंग जोडणारे सर्व्हरही बदलले. एमसीयू हा जुना प्रकार सगळ्यांचे प्रवाह उलगडून, एकत्र करून पुन्हा एन्कोड करायचा (आकसायचा): उशीर वाढायचा आणि प्रोसेसर दमायचा. एसएफयू हा नवा प्रकार आलेला प्रवाह नुसता पुढे ढकलतो. पाठवणारा एकच चित्र दोन-तीन आकारांत पाठवतो आणि ज्याची लाइन बारीक त्याला लहान आकार जातो. ही सगळी खटपट चित्रासाठीच झाली. रूममध्ये आठ जण असले तर कोण बोलतंय हे बाहेरच्याला नुसत्या आवाजावरून कळणार कसं?

फायरवॉलकर:
दोघांचीही गाडी नेटवर्कवर अडते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. त्याहून फार वाढला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात. ऑफिसच्या फायरवॉलने यूडीपी (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारी पाठवायची पद्धत) बंद केली असेल तर कॉल गुपचूप टीसीपी या दुसऱ्या पद्धतीच्या पोर्ट ४४३ वर जातो. तिथे एक पॅकेट हरवलं की मागची सगळी थांबतात, मग आवाज गठ्ठ्याने येतो. यूडीपी पोर्ट ३४७८ आणि सेवा देणाऱ्याने सांगितलेले मीडिया पोर्ट उघडा. आवाजाला डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा शिक्का) ४६, चित्राला ३४ द्या. कॉल व्हीपीएनमधून (कंपनीच्या खासगी बोगद्यातून) फिरवू नका.

ध्वनिवेडा:
मान्य, पण प्रतिध्वनी पोर्ट उघडून जात नाही. एका रूममध्ये दोन लॅपटॉप कॉलवर असले तर प्रत्येक लॅपटॉप फक्त स्वतःच्या स्पीकरचा आवाज वजा करतो, शेजारच्याचा नाही. म्हणून एक सोडून बाकीच्यांचे माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. नुसता माइक बंद करून भागत नाही. टीव्हीचा स्पीकर वापरत असाल तर त्याचा सराउंड मोड काढा, तो आवाजाला उशीर लावतो. कॉल चालू असताना रिमोटने आवाज कमी-जास्तही करू नका, कारण प्रतिध्वनी काढणाऱ्या फिल्टरला सगळं पुन्हा शिकावं लागतं. काचेच्या भिंती असतील तर जाड पडदे लावा आणि खाली गालिचा घाला.

पडद्यामागे:
गालिचा घाला, पण दिवेही बघा. पाठीमागे खिडकी असली की कॅमेरा उजेड कमी करतो आणि चेहरा काळा पडतो. उजेड अपुरा असेल तर सेन्सर दाणेदार चित्र देतो. ते दाणे प्रत्येक फ्रेममध्ये बदलत असल्याने कॉम्प्रेस होत नाहीत, बिट्स त्यांच्यावर खर्च होतात आणि चेहऱ्यावर चौकोन उमटतात. अशा खोलीत फोर-के वाया जातो. आधी समोरून पसरट उजेड द्या.

ध्वनिवेडा:
म्हणजे कॅमेऱ्यावर पैसे नकोत, हे तुम्हीच म्हणालात!

पडद्यामागे:
फोर-केवर नकोत म्हणालो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणि पडद्याला लागून हवा, त्याला पैसे लागतातच.