डीटीपीच्या मशीनला सारखी निळी स्क्रीन: फॉरमॅट मारण्याआधी काय काय काढून ठेवू?

दादर_डीटीपी

दादरला डीटीपीचं (छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवण्याचं) छोटं ऑफिस आहे. मशीन असेंबल केलेलं: आय-५ ८४००, ४-४ जीबीच्या दोन रॅम, विंडोज १० असलेली २४० जीबीची साटा एसएसडी आणि कामाच्या फाइलींसाठी १ टीबीची हार्ड डिस्क. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जड फाइल उघडली की निळी स्क्रीन येते. तिच्यावर एररचा कोड कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल. अधूनमधून तीही न येता मशीन सरळ रिस्टार्ट होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ या नोंदीची रांग लागली आहे. पत्रिका, अहवाल, सगळं काम जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधलं आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) चालतं. विंडोज नव्याने टाकायची आहे. क्रम काय ठेवू? आणि १० टाकू की ११?

पाना_पक्कड

आधी फॉरमॅटचा विषय बाजूला ठेवा. ४१ चा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद न होता बंद पडलं. का पडलं, ते त्यातून कळत नाही. दर वेळी वेगळा कोड येतोय म्हणजे पहिला संशय रॅमवर, आणि रॅम खराब असेल तर नवी विंडोजही तशीच कोसळेल. बऱ्याचदा तर इन्स्टॉल होतानाच फाइल वाचता येत नाही म्हणून अडते.

बायोस (बोर्डाच्या मूळ सेटिंग) डिफॉल्टवर आणा, एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढवलेला वेग, चालू असेल तर बंद होईल. वीज काढून दोन्ही रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत या पट्ट्यांवर थर धरतो, पावसाळ्यात जास्तच. मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) घेऊन एका वेळी एकच रॅम लावा आणि चार पास, म्हणजे तपासणीच्या चार फेऱ्या, पूर्ण होऊ द्या. एक जरी एरर आली तरी ती रॅम बाद. 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका. दोन्ही रॅम एकाच स्लॉटमध्ये नापास झाल्या तर स्लॉट बदलून बघा, दोष बोर्डाचा असू शकतो.

नंतर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो. त्यात हार्ड डिस्कच्या खराब जागा मोजणारे ०५, सी५ आणि सी६ या ओळींचे आकडे शून्य हवेत. सी७ वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क ठीक असते, साटा केबल बदला.

रॅम पास झाली आणि तरीही स्क्रीन न येता रिस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएसकडे (मशीनला वीज पुरवणारा डबा) वळा. १२ व्होल्टची लाइन लोडवर ११.४ च्या खाली जाता कामा नये. मल्टिमीटर नसेल तर ओळखीच्याकडून दुसरा एसएमपीएस लावून बघा. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन थेट नवा घ्यायची घाई नको.

फॉन्ट_फाउंड्री

वरच्यात एक जोडतो, कारण डेटा यातच जातो. रॅमवर संशय असताना याच मशीनवर बॅकअप घेऊ नका. कॉपी पूर्ण होते, कुठलीही तक्रार येत नाही, पण खराब रॅममधून गेलेल्या फाइली आतून बिघडलेल्या असू शकतात. दोन्ही डिस्क काढून यूएसबी-साटा केबलने दुसऱ्या मशीनला लावा आणि तिथून कॉपी करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी हाताशी हवी.

'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप सगळेच घेतात. डीटीपीवाल्यांचं राहतं ते हे:

विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर. शिवाय 'फक्त या युजरसाठी' टाकलेले फॉन्ट वेगळ्या जागी असतात: युजरच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. ही दुसरी जागा हमखास विसरली जाते आणि मग पत्रिकेच्या जागी चौकोन दिसतात. प्रिंटरचे रंग जुळवलेले आयसीसी प्रोफाइल (रंगांच्या सेटिंगच्या फाइली) विंडोज फोल्डरमध्ये सिस्टम३२, स्पूल, ड्रायव्हर्स, कलर इथे असतात. कोरलचा वर्कस्पेस आणि रंगांच्या पॅलेट एक्सपोर्ट करा. चालू कामांची फॉन्ट आतच एम्बेड केलेली (भरलेली) पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे फॉन्ट बसेपर्यंत छपाई अडणार नाही. ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, त्यात आधी साइन आउट किंवा डीॲक्टिव्हेट करा.

बॅकअप दोन जागी ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर चार-पाच फाइली उघडून बघा. फक्त फोल्डरचा आकार जुळला म्हणून विश्वास टाकू नका.

पाना_पक्कड

आता इन्स्टॉल. ११ च टाका. १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ८४०० ही आठवी पिढी, त्यामुळे प्रोसेसर ११ च्या यादीत बसतो. ११ ची सुरक्षेची अट भागवायला बायोसमध्ये इंटेल पीटीटी (प्रोसेसरमधला टीपीएम) आणि सिक्युअर बूट चालू करा, सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनेच घ्या, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. कुणीतरी दिलेली 'सगळं आत असलेली' आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल फाइल) आणि तिच्यातला ॲक्टिव्हेटर (लायसन्स चुकवणारा प्रोग्राम) कामाच्या मशीनवर नकोच.

सेटअप सुरू करण्याआधी १ टीबीच्या डिस्कची साटा केबल काढा. ती लावलेली राहिली तर बूटचा भाग कधी कधी तिच्यावर जाऊन बसतो आणि पुढे ती डिस्क काढली की विंडोजच उठत नाही. शिवाय चुकीचं पार्टिशन उडवायचा धोकाही टळतो. एसएसडीवरची सगळी पार्टिशन डिलीट करा आणि मोकळी जागा निवडून पुढे जा, बाकीचं सेटअप स्वतः करतो. 'रिसेट धिस पीसी' टाळा: फाइल्स ठेवल्या तरी प्रोग्राम जातातच, आणि लोकल पर्याय निवडलात तर विंडोज जुन्याच सिस्टम फाइलींतून उभी राहते.

बोर्ड कंपनीच्या साइटवरून लॅनचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घ्या, कारण ११ सेटअपमध्येच इंटरनेट मागते. त्यानंतर चिपसेट, ग्राफिक्स, आणि शेवटी प्रिंटर.

दादर_डीटीपी

एका रॅमला दुसऱ्याच पासला लाल एरर आली, दुसरी साफ आहे. आता ४ जीबीवरच टाकू का? आणि डोंगल कधी लावायचा?

पाना_पक्कड

११ ला ४ जीबी ही किमान अट आहे, पण कोरलसाठी फार कमी. इन्स्टॉल उरकून घ्या, पण काम सुरू करण्याआधी ८-८ ची डीडीआर४ जोडी एकाच पाकिटातली घ्या आणि तीही मेमटेस्टमधून काढा. जुनी उरलेली ४ ची तिच्याशेजारी लावू नका.

फॉन्ट_फाउंड्री

डोंगल आधी लावू नका. बहुतेक डोंगलचा ड्रायव्हर आधी टाकायचा असतो, मग डोंगल. जुना ड्रायव्हर चालत नसेल तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी बघा. ती चालू असताना काही जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत. ती बंद करणं हा शेवटचा उपाय. आधी डोंगलवाल्यांकडे ११ साठीचा नवा ड्रायव्हर मागा, बऱ्याचदा मिळतो. फॉन्ट टाकताना राइट क्लिक करून 'सर्व युजरसाठी' निवडा.