रेडिटचा नफा आणि फुकट राबणारे लोक

शनिवारपेठी:
रेडिट म्हणजे विषयवार आणि गाववार समूहांत लोक लिहितात ते अमेरिकन संकेतस्थळ, आणि समूहातल्या पोस्ट तपासून नको त्या काढणारे ते मॉडरेटर. काल एका गुंतवणूकदार मित्राने इथे लिहिलं, ‘रेडिटचा शेअर मार्च २०२४ मध्ये ३४ डॉलरला आला, पहिल्याच दिवशी पन्नाशी ओलांडून बंद झाला. मॉडरेटर फुकट राबतात म्हणून गळा काढू नका, ती त्यांची हौस आहे.’ शेवटचं वाक्य डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आकडे मलाही माहीत आहेत. २०२४ चा महसूल १.३ अब्ज डॉलर, आदल्या वर्षापेक्षा ६२ टक्के जास्त. शेअर बाजारात आल्यानंतरचा पहिला तिमाही नफा जुलै-सप्टेंबर २०२४ चा, सुमारे ३ कोटी डॉलर. वर्षअखेरीस रोजचे वापरकर्ते १० कोटींच्या वर. पण विकलं काय? जाहिरातीची जागा आणि आपण लिहिलेला मजकूर. यंत्राला शिकवायला हा मजकूर देण्याचा गूगलबरोबरचा करार वर्षाला ६ कोटी डॉलरच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या, मग मे महिन्यात चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयबरोबरही करार झाला.

मी रेडिटवर पुण्याच्या एका समूहात मॉडरेशन करतो. कॉलेजं सुरू व्हायच्या सुमाराला रोज एकच प्रकार येतो. कर्वेनगरला वन बीएचके, भाडं बाजारभावाच्या निम्मं, बाल्कनीचा तोच तो फोटो. फोन नंबरातले दोन आकडे अक्षरांत लिहिलेले, म्हणजे फिल्टरला सापडू नयेत. मालक सैन्यात आहेत, पोस्टिंग लांब आहे, आधी टोकन पाठवा म्हणजे गेटपास मिळेल. ही पोस्ट तासभर राहिली तरी लातूर-नांदेडहून आलेल्या एखाद्या पोराचे पैसे जातात. भाडं निम्मं आहे, हे त्या भागात राहणाऱ्यालाच खटकतं. कंपनीचा कुणी माणूस हे बघायला येत नाही.

आणि शेअर? बाजारात येताना ८ टक्के शेअर वापरकर्ते, मॉडरेटर वगैरेंसाठी राखून ठेवले होते. किती पोस्ट तपासल्या, किती कर्मा (इतरांच्या पसंतीतून मिळणारे गुण), यावर क्रम. पण अट अशी, माणूस अमेरिकेत राहणारा हवा. आम्ही तिथेच बाद.

हिशेबी_माणूस:
भावना बाजूला ठेवा. २००५ मध्ये सुरू झालेली कंपनी, दुसऱ्याच वर्षी कॉन्डे नास्ट या मासिकं काढणाऱ्या कंपनीने घेतली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं पूर्ण वर्षाच्या नफ्याचं नाव नाही. २०२४ सालचा सुद्धा हिशेब ४८ कोटी डॉलर तोट्याचाच आहे, मुख्यतः कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरमुळे. एवढी वर्षं तुमच्या गप्पांचा सर्व्हर कोणी चालवला? गुंतवणूकदारांनी.

कमाईचं विचाराल तर सुमारे चार पंचमांश महसूल अमेरिकेतून येतो, वापरकर्ते मात्र निम्म्याहून जास्त बाहेरचे. पुण्यातल्या वाचकामागे जाहिरातदार किती देतो याचा अंदाज घ्या आणि मग वाटा मागा. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. टँकर, लिफ्ट, पार्किंगची भांडणं, सगळं बिनपगारी. कुणाकडे हात पसरला नाही.

शनिवारपेठी:
तुमच्या सोसायटीतल्या भांडणांचं इतिवृत्त कुणी ६ कोटी डॉलरला विकत नाही. ज्या दिवशी विकेल त्या दिवशी तुम्हीच पहिले वाटा मागाल, आणि तो हक्कच असेल.

हिंजवडी_फेज३:
आमच्या धंद्यात हे आधी होऊन गेलंय. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर आम्ही रात्र रात्र उत्तरं लिहिली. २०२१ मध्ये प्रोसस या गुंतवणूक कंपनीने ती १.८ अब्ज डॉलरला घेतली. मग चॅटजीपीटी आलं आणि नवे प्रश्नच आटले. आमच्या टीममधली नवी पोरं आता तिथे जातच नाहीत. जून २०२३ मध्ये तिथल्या मॉडरेटरांनी संप केला, त्याच महिन्यात रेडिटवर हजारो समूह बंद ठेवले गेले, कारण एपीआयला, म्हणजे बाहेरच्या ॲपनी रेडिटचा मजकूर घ्यायच्या वाटेला, कंपनीने भारी दर लावला आणि रेडिट वाचायचं अपोलोसारखं ॲप बंद पडलं. रेडिट मागे हटलं नाही.

हिशेबी साहेब, खरी भीती वेगळी आहे. वाचक गूगलमधून येतो. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत गूगलने शोधाची पद्धत बदलल्याने वाचकसंख्या हलली, आकडे जाहीर झाल्यावर शेअर पडला. ज्याच्या जिवावर वाचक येतो त्यालाच मजकूर विकायचा, हे किती दिवस चालणार?

हिशेबी_माणूस:
पडला आणि पुन्हा चढला. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत महसूल ५० कोटी डॉलर, ७८ टक्के वाढ. बाजाराला तुमची भीती कळत नसेल असं वाटतं का?

मुळाकाठ:
या सगळ्यात एक गोष्ट कुणीच बोलत नाही. रेडिटवर पुण्याच्या नावाने चालणाऱ्या गप्पांत मराठीत लिहिलं की खाली लगेच ‘इंग्लिश प्लीज’. मी बसमार्गाबद्दल साधा प्रश्न विचारला होता, दहा जण भाषेवरून भांडले, बस कोणती ते एकानेही सांगितलं नाही. कंपनी फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशमध्ये यंत्राने भाषांतर करून वाचक वाढवते आहे. आपण मात्र आपल्याच गावात इंग्रजीत लिहून त्यांना तयार माल देतोय. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे. तिथे किती जण लिहिता?

हिंजवडी_फेज३:
ताई, माझ्या टीममध्ये एक तमिळ, एक बंगाली, दोन बिहारी. त्यांनाही खोली शोधायचीच असते. त्यांना मराठी येत नाही म्हणून त्यांनी विचारू नये का?

मुळाकाठ:
विचारू दे की! इंग्रजीत विचारा, मी उत्तर देते. माझ्या मराठीला हरकत का? माझे वडील शाळामास्तर होते. त्यांना या वयात नेटवर काही शोधायचं तर मराठीतच शोधतात, आणि पुण्यातल्या दवाखान्यांबद्दल, रिक्षाबद्दल, पाण्याबद्दल त्यांना काही मिळत नाही, कारण आपण सगळे तिकडे इंग्रजीत लिहून बसलोय.

डेक्कनकर:
मराठीत लिहायला गेलं की शुद्धलेखनाचे मास्तर उभे राहतात. माझी ‘पाणी’तली वेलांटी ऱ्हस्व पडली तर तीन जणांनी दुरुस्त केली, मुद्द्यावर शून्य. मी सोडून दिलं. मराठी संकेतस्थळं वाढली नाहीत याला हेही कारण आहे, तेव्हा सगळं खापर बाहेरच्यांवर फोडू नका.

मुळाकाठ:
तुम्हाला कुणी दुरुस्त केलं म्हणून भाषाच सोडली? कमाल आहे तुमची.

डेक्कनकर:
ताई, आवाज खाली. मी भाषा सोडली नाही, ती जागा सोडली. घरी मुलांशी मराठीच बोलतो, ते तुम्हाला सिद्ध करून दाखवायची मला गरज नाही.

शनिवारपेठी:
दोघेही थांबा. डेक्कनकर, शुद्धलेखनावरून माणसं पळवली जातात हे मीही पाहिलंय. पण ताईंचा मुद्दा पैशाशीच येऊन भिडतो. बाहेरच्या वाचकामागे कमाई कमी म्हणून आपल्याला वाटा नाही, असं हिशेबी म्हणतात. मग यंत्राला शिकवायला आपला मजकूर विकताना अमेरिकेचा आणि पुण्याचा वेगळा भाव लावतात का? करारात सगळा ढीग एकत्रच जातो.

हिशेबी_माणूस:
अमेरिकेबाहेरच्या मॉडरेटरांना शेअरमध्ये घ्यायला हवं होतं, एवढं मान्य. परदेशी नियमांची कटकट असते, पण मनात असतं तर मार्ग निघाला असता. पगाराचं मात्र मला पटत नाही. पगार सुरू झाला की ते बाल्कनीचे फोटो तुम्ही नाही, कुठल्यातरी कॉल सेंटरमधला माणूस बघेल, आणि त्याला कर्वेनगर माहीत नसेल.

शनिवारपेठी:
मग कर्वेनगरच्याच माणसाला पगार द्या. तिथलं खरं भाडं मीच सांगतो.