रनबुकातली 'कमिटलॉग उडवा' ही ओळ काढायची की ठेवायची?

रातकिडा:
परवा रात्री पावणेतीनला फोन. आमच्या सहा नोडच्या (सर्व्हरच्या) कॅसँड्रा डेटाबेस क्लस्टरमधला एक नोड डिस्क भरून आडवा. कमिटलॉगच्या, म्हणजे प्रत्येक लिखाण आधी जिथे नोंदवलं जातं त्या, फोल्डरात ४१ जीबी! मर्यादा डीफॉल्टच, म्हणजे जास्तीत जास्त ८. बत्तीस-बत्तीस एमबीच्या तेराशेवर फाइली. ऑन-कॉलवरच्या पोरानं रनबुकात (अडचणीत काय करायचं याच्या लेखी सूचनांत) लिहिलंय तसं केलं: फाइली उडवल्या, रिस्टार्ट मारला. नोड उठला, पोरगा झोपला.
मला ती ओळच काढायची आहे. नावात 'लॉग' असलं म्हणून तो कचरा होत नाही. मेमरीतला जो डेटा अजून डिस्कवरच्या डेटा फाइलींत उतरलेला (फ्लश झालेला) नाही, त्याची त्या नोडवरची टिकाऊ प्रत फक्त तिथेच असते.

सरळसोट:
काढू नका. प्रत्येक नोंदीच्या तीन रेप्लिका (तीन नोडवर तीन प्रती) कशासाठी ठेवतो आपण? क्वोरमनं, म्हणजे तिघांपैकी दोघांचा होकार घेऊन, लिहिता ना? मग डेटा बाकीच्या दोघांकडे आहे. आधी नोड उभा करा, मग रिपेअर (प्रती एकमेकींशी जुळवणं) चालवा. पावणेतीनला तत्त्वज्ञान नको.

उंटावरचा_शहाणा:
या नावानं लोकांना फार छळलंय. पोस्टग्रेस डेटाबेसमध्येही लोक 'पीजी_एक्सलॉग' (तिथलं कमिटलॉगसारखंच फोल्डर) बिनधास्त उडवायचे, म्हणून २०१७ साली आवृत्ती १० मध्ये त्याचं नाव बदलून 'पीजी_वॉल' केलं. इथेही बदला, वाद मिटेल :)

रातकिडा:
@सरळसोट, क्वोरमचा हिशोब नीट मांडा. अ, ब, क तीन रेप्लिका. अ आणि ब नं होकार दिला, क त्या वेळी बंद होता. लिखाण यशस्वी. आता अ चा कमिटलॉग तुम्ही उडवला. पुढचं वाचन अ आणि क कडून झालं, तर क्वोरम पूर्ण होऊनही नोंद दिसणार नाही. रिपेअर होईपर्यंत हे असंच राहू शकतं. आणि तुमचा रिपेअर किती तास चालतो, ते आम्हाला माहीत आहे.

सरळसोट:
एक नोड बंद आणि नेमका त्याच वेळी दुसऱ्याची डिस्क भरलेली? असा योग वर्षातून एकदा. नोड तासभर पडून राहण्याचा त्रास मात्र रोजचा.

पाटी_पेन्सिल:
भांडा खुशाल, पण ८ चे ४१ झाले कसे, हे कुणी बघितलं का? मर्यादा ओलांडली की कॅसँड्रा स्वतःच जुने टेबल फ्लश करून फाइली मोकळ्या करतो. त्या मोकळ्या होत नाहीत याचा अर्थ फ्लशच अडकलाय. 'नोडटूल टीपीस्टॅट्स' (नोडवर कुठलं काम किती तुंबलंय ते दाखवणारी कमांड) मारा आणि 'मेमटेबल पोस्ट फ्लश'ची ओळ बघा. पेंडिंग वाढत असेल, तर फाइली उडवून उपयोग नाही. आठवड्याभरात परत तोच फोन.
आणि जागाच हवी असेल, तर नोड थांबवून त्या फाइली दुसऱ्या डिस्कवर हलवा. बिघाड निस्तरला की परत ठेवा. चालू होताना नोड त्या वाचून घेतो. 'आरएम'च्या (पुसण्याच्या) जागी 'एमव्ही' (हलवणं), एवढाच फरक. त्याआधी जुने स्नॅपशॉटही (डेटा फाइलींच्या राखून ठेवलेल्या प्रती) बघा. आमच्याकडे तेच जागा अडवून बसलेले असतात.

रातकिडा:
पेंडिंग ६०० च्या वर होतं. सकाळी पाहिलं, रात्री कुणी पाहिलं नाही.
@सरळसोट, आणखी एक. 'इफ नॉट एक्झिस्ट्स' (नोंद आधी नसेल तरच लिही) वापरता का कुठे? त्याची पॅक्सॉसची (नोडचं एकमत घडवणाऱ्या पद्धतीची) नोंद सिस्टिम कीस्पेसमध्ये (नोडच्या अंतर्गत टेबलांत) जाते, आणि ती ज्या त्या नोडची स्वतःची. ती नोंद फ्लश झाली नसेल, तर कमिटलॉगबरोबर तीही गेली. नोडनं कुणाला शब्द दिला होता, हेच तो विसरतो. तुमच्या तीन रेप्लिका तिथे कामाच्या नाहीत.

सरळसोट:
कूपन वापरल्याची नोंद करणारं टेबल त्याच्यावरच आहे. एक कूपन दोनदा चालल्याची तक्रार मार्चमध्ये आली होती, आम्ही ॲपवाल्यांवर ढकलली.
ओळ ठेवतो, पण 'एमव्ही' करून. मार्चमध्ये कुठल्या नोडची डिस्क भरली होती, ते उद्या बघतो.