हौशी संस्था सांभाळून व्यावसायिक नाटक जमतं का?

बावीस वर्षं सांगलीत हौशी नाटक करतोय. राज्य नाट्य स्पर्धेसाठी चारदा दिग्दर्शन केलं. आता मुंबईच्या व्यावसायिक नाटकात भूमिका आलीय. संस्थेतली पोरं डोळ्यांसमोर येतात, झोप लागत नाही.

– घ्या भूमिका! डॉ. श्रीराम लागू पुण्यात पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेत, हौशी रंगभूमीवरच घडले. १९६९ला डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले. १९७०मध्ये गोवा हिंदू असोसिएशन या संस्थेच्या व्यावसायिक ‘नटसम्राट’मध्ये बेलवलकर उभा केला आणि त्याच वर्षी तेंडुलकरांचं प्रायोगिक ‘गिधाडे’ दिग्दर्शित केलं. प्रायोगिक नाटक सुटलं नाही त्यांचं.

– दादा, प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी असतात. संस्थेच्या तालमी मंगळवार-बुधवारी लावा. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या पोरीला यंदा एकांकिका बसवू द्या.

– तिलाच विचारतो. हात थरथरतात तिचे, पण कान पक्का आहे.