मदत हवी आहे : निवासी डॉक्टरांनी एकमेकांना शिकवायचं सत्र कसं बसवावं?

खाजनकाठ :

गोव्यातल्या एका रुग्णालयात मेडिसिनचं डीएनबी (एमबीबीएसनंतरचा तज्ज्ञ-डॉक्टरचा अभ्यासक्रम) करणारे आम्ही आठ जण आहोत. पहिल्या वर्षाचे तीन, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोघं. कन्सल्टंट मोजके, आणि राउंडचा वेळ ऑर्डरी लिहून घेण्यातच जातो. म्हणून दर बुधवारी दुपारी ४५ मिनिटं आपणच एकमेकांना शिकवायचं ठरवलं आहे. सध्या ज्याची पाळी तो ५०-६० स्लाइड करतो आणि वाचून दाखवतो. बोलतात ते दोघं सीनिअरच. नाइट करून आलेला मागे पेंगत असतो. पहिल्या वर्षाचे तिथे तोंड उघडत नाहीत, शंका नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आपसात विचारतात.

सत्राची रचना कशी ठेवावी? एलपी (कमरेच्या मणक्यांमधून सुईने पाणी काढणं), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं) शिकवताना सीनिअरची चुकीची सवयही खाली उतरते, ती कुठे अडवायची? आणि ज्युनिअरची चूक सांगायची कशी, की तो सुधारेल पण गप्प होणार नाही? पाऊस लागला की लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) आणि डेंगीने वॉर्ड भरतील, त्याआधी हे मार्गी लावायचं आहे.

मानशीकार :

स्लाइड बंद करा, निम्मं काम तिथेच होईल. ४५ मिनिटांचं एक सत्र मोडून आठवड्यात २०-२० मिनिटांची दोन करा. आणि विषय घेऊ नका, निर्णय घ्या. ‘मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस’ (शरीरात आम्ल साठणं) हा विषय झाला. ‘या पेशंटला वॉर्डात ठेवायचं की आयसीयूत हलवायचं’ हा निर्णय झाला. विषयावर ऐकणारा मान डोलावतो, निर्णयावर त्याला बाजू घ्यावी लागते.

नमुना देतो. सेप्सिसचा पेशंट, श्वास ३२, शुद्धीवर. एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) : पीएच ७.११, पीसीओ२ ३२, बायकार्बोनेट १०. सोडियम १३४, क्लोराइड ९८. एवढंच फळ्यावर लिहा. पहिली तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपला निर्णय आणि एका ओळीत कारण कागदावर लिहायचं. मग वाचन सर्वांत ज्युनिअरपासून. हा क्रम कधीही उलटवू नका. सीनिअरचं उत्तर आधी आलं की बाकीचे आपलं खोडून तेच लिहितात, आणि कोणाला काय कळलं नाही हे कायमचं झाकलं जातं.

बहुतेकांचं उत्तर येईल : अ‍ॅनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून उरणारा आकडा) २६, म्हणजे हाय गॅप मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस, पीसीओ२ ४०च्या खाली आहे म्हणजे कॉम्पेन्सेशन (श्वास वाढवून शरीराने केलेली भरपाई) होतंय, ठीक आहे. इथे शिकवणाऱ्याने एकच प्रश्न टाकायचा : ‘कमी आहे हे खरं, पण किती कमी असायला हवा होता?’ विंटर्सचं सूत्र (बायकार्बोनेटवरून अपेक्षित पीसीओ२ काढायचं) त्यांच्याकडूनच काढून घ्या. १.५ × १० + ८ = २३, दोन इकडे-तिकडे. म्हणजे २१ ते २५ हवा होता, आहे ३२. फुप्फुसं पुरी पडत नाहीत, रेस्पिरेटरी अ‍ॅसिडोसिसही सोबत आहे, पेशंट थकत चालला आहे. ‘३२ म्हणजे कमी’ असं वाचणारा त्याला वॉर्डात ठेवेल. आणि इंट्युबेट करायची (श्वासनलिकेत नळी घालायची) वेळ आली तर रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) दिल्याबरोबर त्याचा स्वतःचा श्वास थांबतो, पीसीओ२ चढतो आणि पीएच आणखी कोसळतो. म्हणून व्हेंटिलेटरवर नेहमीचा १४-१६ रेट लावून चालत नाही. हे शेवटचं वाक्य पहिल्या वर्षाच्याला पोचलं तर ती वीस मिनिटं सार्थकी लागली.

वेळ उरला तर रिपोर्टमधले आकडे आपसात जुळतात का हे पाहायला शिकवा : २४ × ३२ ÷ १० म्हणजे हायड्रोजन आयन साधारण ७७, त्याचा पीएच ७.११. जुळलं नाही तर उपचार बदलण्याआधी सॅम्पल पुन्हा पाठवा.

दोन आठवड्यांनी हाच प्रश्न आकडे बदलून, न सांगता, पुन्हा टाका. हे मात्र चुकवू नका. एकदा समजलेलं आणि रात्री तीन वाजता आठवणारं यांत फरक असतो, आणि तो अशा पुन्हा विचारण्यानेच भरून निघतो.

पोस्ट-ड्युटी माणसाला शिकवायची पाळी देऊ नका. ऐकायला आला नाही तरी गैरहजेरी लावू नका, त्याला झोपू द्या.

सुरंगी :

प्रोसीजरबद्दल लिहिते.

‘एक बघ, एक कर’ यात सवयी जशाच्या तशा उतरतात, कारण करणारा का करतोय हे बोलत नाही. पेटनच्या चार पायऱ्या वापरा. आधी न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवायचं. मग सावकाश, प्रत्येक कृतीचं कारण सांगत. तिसऱ्या पायरीत शिकणाऱ्याने सांगायचं आणि शिकवणाऱ्याने फक्त तेवढंच करायचं. चौथ्यात शिकणारा बोलत बोलत स्वतः करतो. वेळ नाही म्हणून हमखास तिसरी पायरी गाळली जाते, आणि चूक तर तिथेच उघडी पडते. ‘आता सुई काढा’ असं तो स्टायलेट (सुईच्या आतली तार) परत न घालताच म्हणाला, तर ते पेशंटच्या पाठीशी नव्हे, मॉडेलपाशी कळायला हवं.

सीनिअरची सवय अडवायला सत्राच्या आधी एक पानाची यादी करा आणि कन्सल्टंटकडून सही घ्या. शिकवताना सीनिअरच्याही हातात ती यादी. एलपीच्या यादीत निदान एवढं हवं : प्लेटलेट, रक्त पातळ करणारी औषधं, फंडस (डोळ्याच्या पडद्याची तपासणी) किंवा गरजेप्रमाणे सीटी. डेंगीच्या दिवसांत प्लेटलेटचा कालचा आकडा चालत नाही, आजचा हवा. कुशीवर झोपवल्यावर खांदे आणि कंबर पलंगाला काटकोनात आहेत ना हे पायाकडे उभं राहून बघायचं. वरचा खांदा पुढे कलला की सुई मध्यरेषा सोडते, आणि दोष सुईला दिला जातो. दोन्ही इलियाक क्रेस्ट (कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा) जोडणारी रेषा धरून कमरेच्या मणक्यांमधली एल ३-४ किंवा ४-५ ही जागा. हाड लागलं तर खोलवरच दिशा बदलायची नाही, त्वचेखालपर्यंत मागे येऊन मग बदलायची. ओपनिंग प्रेशर (सुई आत गेल्यावरचा पाण्याचा दाब) मोजताना पाय सैल सरळ करायचे, नाहीतर आकडा फुगतो. रक्तातली साखर त्याच वेळी पाठवायची. सीएसएफची (मणक्यातून काढलेल्या पाण्याची) साखर एकटीच आली तर अर्थ लावता येत नाही.

अल्ट्रासाउंडखाली सेंट्रल लाइनसाठी घरगुती फँटम (सरावाचं मॉडेल) पुरतो. एक लिटर गरम पाण्यात ८०-१०० ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन, वर तीन-चार मोठे चमचे इसबगोल. इसबगोल नसेल तर पडदा काळाभोर दिसतो, ते घातलं की खऱ्या पेशीजालासारखा राखाडी दिसतो. लांबट फुग्यात रंगीत पाणी भरून तो मध्ये आडवा ठेवायचा. फुग्यात हवेचा थेंबही राहिला तर खाली सावली पडते. मिश्रण ओतल्यावर वरचा फेस चमच्याने काढा, कारण बुडबुड्यांनीही तेच होतं. रात्रभर फ्रीजमध्ये. आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर फार वेळ टिकत नाही, सत्राच्या ऐन वेळी काढा. सुईचं टोक पडद्यावर दिसत नसताना पुढे ढकललं की थांबवायचं, हा एकच नियम त्यावर घोटून घ्या.

आणखी एक गोष्ट, यादीत नसते म्हणून. बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांना कोकणी येत नाही. संमती घेणं हीसुद्धा प्रोसीजरची पायरी आहे. इथल्या मुलांनी ती वाक्यं कोकणीत आणि मराठीत त्यांच्याकडून म्हणवून घ्यावीत. ‘तुमकां खंय दुखता?’ एवढं विचारता आलं तरी म्हातारं माणूस हालचाल न करता पडून राहतं.

तिसवाडीकर :

चूक सांगण्यासाठी ‘वन मिनिट प्रीसेप्टर’ बघा. १९९२ पासूनची पद्धत आहे, रात्रीच्या ड्युटीतही बसते. आधी त्याचं मत काढायचं : ‘तुला काय वाटतं?’ मग आधार विचारायचा : ‘कशावरून?’ मग एक सर्वसाधारण नियम द्यायचा, बरोबर केलेलं नेमकं सांगायचं, आणि शेवटी चूक. ‘छान’ म्हणणं ही शाबासकी नव्हे. ‘कावीळ आणि पोटऱ्या दुखतात म्हणताच तू लेप्टो धरून क्रिएटिनिन पाठवलंस, ते योग्य’ ही शाबासकी. चूकही तशीच नेमकी सांगा : ‘लघवी किती होते ते मोजलं नाहीस, आता दर तासाला लिही.’ पेशंटच्या उशाशी नाही, कॉरिडॉरमध्ये.

खाजनकाठ :

मनापासून आभार. अजून एक अडचण आहे. तिसऱ्या वर्षाचे दोघं तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला (जिल्हा रुग्णालयातल्या कामाला) जातील. दुसऱ्या वर्षाच्यांना उत्तर आलं नाही, किंवा दोघांची मतं वेगळी पडली, तर?

मानशीकार :

जायच्या आधी प्रत्येक प्रोसीजरला जोडी लावा. तिसऱ्या वर्षाचा शिकवतो तेव्हा दुसऱ्या वर्षाचा यादी हातात घेऊन बघतो, पुढच्या वेळी भूमिका उलटतात. अशी दोन सत्रं झाल्याशिवाय तो विषय सोपवू नका.

मतभेद झाला तर आवाज चढेल त्याचं खरं असं होऊ देऊ नका. प्रश्न भिंतीवरच्या कागदावर तारखेसह लिहा, एकाने त्याच संध्याकाळी कन्सल्टंटना विचारायचं आणि उत्तर त्याच कागदावर उतरवायचं. पेशंट समोर असेल तर संध्याकाळची वाट न बघता लगेच फोन. सत्रात शिकलं म्हणून कोणी एकट्याने एलपीला हात घालायचा नाही, कन्सल्टंटनी प्रत्यक्ष पाहून लॉगबुकवर सही करेपर्यंत.

सुरंगी :

फँटमच्या फुग्याला दोन्ही टोकांना गाठ मारा आणि टोकं डब्याच्या कडांना चिकटवा. नाहीतर जिलेटिन घट्ट होईपर्यंत तो तरंगत वर येतो आणि शिरेची खोली अर्ध्या सेंटिमीटरवर येऊन बसते, त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही. दीड ते दोन सेंटिमीटर खोल ठेवा.